एका घरातल्या चार वह्या: कथेतलं कौटुंबिक भांडण खरं कसं उतरवावं

दहाव्याचा दिवस. नदीकाठी पिंड मांडून झालेत, ऊन चढत चाललंय आणि कावळा शिवत नाही. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेत, पण खाली एकही उतरत नाही. जमलेल्यांत कुजबुज सुरू होते, 'म्हाताऱ्याचं काहीतरी राहिलंय.' मग भावकीतला एक जाणता थोरल्याला म्हणतो, 'बोल की काय तर.' थोरला हात जोडून पुढं होतो. 'तात्या, सुमीला अंतर देणार न्हाय.' जरा वेळानं कावळा उतरतो, पिंडाला चोच लावतो आणि सगळे सुटल्यासारखे अंघोळीला वळतात.

पंधरा दिवसांनी त्याच घरात सुमीपुढं हक्कसोडपत्राचा कागद येतो.

'अंतर देणार नाही' म्हणताना थोरल्याच्या मनात होतं ते असं: बहिणीची दिवाळी, साडीचोळी, धान्याचं पोतं कधी चुकू देणार नाही. बहिणीनं त्याच शब्दांतून ऐकलं ते वेगळंच. घाटावर कुणीच खोटं बोललं नव्हतं. मला कौटुंबिक कथेचं सगळं बळ या जागेत दिसतं. नव्यानं लिहिणारे आपल्या कथा माझ्याकडं वाचायला देतात, त्यांत भांडणं पुष्कळ असतात. ताटं भिरकावली जातात, दारं आपटली जातात, 'तू माझ्यासाठी मेलास' म्हणून होतं. तरी वाचणाऱ्याच्या पोटात काही हलत नाही, कारण बरोबर कोण आणि चूक कोण हे लिहिणाऱ्यानं पहिल्या पानाआधीच ठरवून टाकलेलं असतं. घरातल्या भांडणात बहुधा प्रत्येकाचा हिशेब खरा असतो. फक्त ते हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत. ते कसे मांडायचे आणि कथेत कसे आणायचे, हे पायरीपायरीनं सांगते. त्यासाठी एकच काल्पनिक घर शेवटपर्यंत सोबत ठेवू.

पायरी १: घर, माणसं, वर्षं पक्की करा

सातारा जिल्ह्यातला कोरेगाव तालुका, वसना नदीच्या बाजूचं एक गाव. जमीन साडेतीन एकर, म्हणजे १४० गुंठे. विहीर एक. पिकं घेवडा, आलं, थोडा ऊस. तात्या २०२२ मध्ये वारले. मागं आई आणि तीन मुलं. थोरला विलास, जन्म १९७०, गावातच शेती करतो. मधली सुमन, जन्म १९७३, लग्न १९९२ मध्ये होऊन इचलकरंजीला दिली. धाकटा राजू, जन्म १९८३, इंजिनिअर, चिंचवडला नोकरी. विलासची बायको मंगल, १९९५ पासून या घरात.

ही वर्षं कथेत लिहायची नसतात, पण तुमच्या कागदावर हवीतच. सुमन सातवीनंतर शाळेतून निघाली तेव्हा राजू दोन वर्षांचा होता, हे एकदा दिसलं की ती शाळेतून का निघाली तेही कळतं. कुणी सांगावं लागत नाही. माणसांच्या वयांतली अंतरं शेजारी शेजारी लिहिली की अर्ध्या कुरबुरी आपोआप वर येतात.

पायरी २: प्रत्येकाची वही लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कथेचा पहिला शब्द लिहायच्या आधी प्रत्येक माणसासाठी वेगळं पान घ्या आणि त्याच्याच तोंडच्या भाषेत त्याचा हिशेब लिहा. घराला मी काय दिलं, मला काय मिळालं नाही. भावना लिहू नका. 'मला कायम डावललं गेलं' ही नोंद होत नाही. नोंदीला तारीख हवी, आकडा हवा, वस्तू हवी.

विलासची वही: 'तात्यांची पाठ गेली तेव्हा दहावीची परीक्षा दिली नाही, औत धरलं. विहिरीचं कर्ज माझ्या नावावर, दहा वर्षं फेडलं. रात्रीची लाइट असते म्हणून थंडीत पाणी धरायला मीच गेलो, राजूला कधी उठवलं नाही. तात्या शेवटची तीन वर्षं अंथरुणाला, साताऱ्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या मी केल्या.'

सुमनची वही: 'सातवीत वर्गात तिसरी आले होते. राजूला कडेवर घेऊन दोन वर्षं शाळेच्या कुंपणाशी उभी राहायचे. लग्नात दोन तोळ्यांच्या पाटल्या घातल्या. ९८ ला विहिरीसाठी दादा मागायला आला, सासूच्या देखत काढून दिल्या. परत आल्या नाहीत. सासूनं वीस वर्षं ऐकवलं.'

राजूची वही: 'नोकरी लागल्यावर २०१० पासून दर महिन्याला पाच हजार. घरावरची खोली माझ्या कर्जातून. त्या खोलीत आता कांदा आणि खताची पोती. गावी आलो की पाहुण्यासारखं ताट वाढतात. कुठलाही निर्णय मला फोनवर, झाल्यानंतर कळतो.'

मंगलची वही: 'सत्तावीस वर्षं. सासऱ्यांचं सगळं अंथरुणात, ते मी केलं. दवाखान्याच्या फायलीवर नाव ह्यांचं. सातबाऱ्यावर तर माझं नाव कुठंच नाही आणि येणारही नाही.'

मंगलचं पान बहुतेक जण लिहायचंच विसरतात. सून ही बाहेरून आलेली आणि भांडण लावणारी, हा साचा इतका घट्ट बसलाय की तिलाही हिशेब असेल हे सुचतच नाही. माझं मत विचाराल तर या घरात मला सगळ्यात आधी तिचंच पान लिहावंसं वाटतं. जमिनीच्या वाटणीत तिला काही मिळायचं नाही, पण वाटणी झाली तर चूल तिलाच हलवावी लागेल. जिला कागदावर जागा नाही ती घरात सगळ्यात जास्त काय पाहते, हे लिहून बघा.

आईचंही पान करा. ते कोरं राहिलं तरी चालेल. 'माझ्या लेकरांत मी काय मोजू' असं ती म्हणते, आणि ते न मोजणंच तिघांना खुपत असतं.

आता ही पानं शेजारी ठेवा आणि दोन वह्यांत वेगवेगळ्या शब्दांत आलेली एकच नोंद शोधा. इथं ती पाटल्यांची आहे. सुमन लिहिते 'मागून नेल्या'. विलासच्या वहीत शोधलं तर 'सुमीनं स्वतः होऊन काढून दिल्या' असं सापडेल. कथेचा गाभा बहुधा अशा नोंदीत असतो. मग तिच्या मागं जा. पाटल्यांचं पुढं काय झालं? मी असं ठरवलं: त्या आधी बँकेत गहाण पडल्या. २००१ मध्ये तात्यांनी सोडवून आणल्या, सुमनला परत द्यायच्या म्हणूनच. त्याच जूनमध्ये राजूच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पैसे कमी पडले आणि त्यांनी त्या मोडल्या. विलासला बजावलं, 'पोराला सांगू नगंस, शिकायचं सोडंल.' विलासनं एकवीस वर्षं तोंड उघडलं नाही. सुमनला वाटतं विहिरीनं पाटल्या गिळल्या. राजूला पाटल्या होत्या हेच ठाऊक नाही.

गुपित ठेवायचं असेल तर ते मायेपोटी ठेवलेलं असू द्या. लोभापायी लपवलेली गोष्ट उघडी पडली की वाचक समाधानानं पुस्तक मिटतो. मायेपोटी लपवलेली उघडी पडली की कुणावर रागवायचं तेच त्याला कळेनासं होतं. ते न कळणं हवं आहे.

पायरी ३: कागद आणि कायदा चोख ठेवा

वाटणीच्या कथेत लिहिणारे इथं घाई करतात आणि खेड्यातला वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक खाली ठेवतो. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांतून गेलेला माणूस आपल्याकडं घरोघरी आहे. त्याला फसवता येत नाही.

थोडक्यात एवढं ध्यानात ठेवा. वडील वारले की वारसनोंदीत पत्नी, मुलगे आणि मुली यांची नावं लागतात. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. बहिणीचं नाव कमी करायचं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं आणि त्यासाठी तिला बहुधा स्वतः दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यावं लागतं. तिथं फोटो निघतो, यंत्रावर अंगठा लागतो, साक्षीदार लागतात. म्हणजे चुलीपाशी सुरू झालेलं भांडण एका दिवशी टोकन घेऊन बाकावर बसतं. कथेला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

कथा कुठल्या वर्षात घडते त्यावर पात्रांची ताकद बदलते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला हिस्सा मिळालेलाच होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीनं विवाहित-अविवाहित हा भेद मिटवला. त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं आहे का, यावर वाद चालत राहिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तशी गरज नाही असं सांगितलं. २० डिसेंबर २००४ आधी रीतसर नोंदणीनं किंवा न्यायालयाच्या हुकुमानं झालेली वाटणी मात्र या दुरुस्तीनं उकरता येत नाही.

यात कथाच कथा आहेत. एका घरात दोन बहिणी, एकीचं लग्न १९९२ चं, दुसरीचं १९९६ चं. तात्या १९९९ मध्ये गेले असते तर एकाच आईच्या पोटच्या दोघींपैकी एक हक्कदार आणि दुसरी जवळजवळ पाहुणी. त्या दोघींनी पुढची भाऊबीज कशी केली असेल? भावांवरचं भांडण बहिणींमध्ये सरकतं, आणि त्यावर आपल्याकडं फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आपल्या घरात तात्या २०२२ मध्ये गेले, म्हणून आई, विलास, सुमन आणि राजू चौघांना सारखा वाटा: प्रत्येकी ३५ गुंठे. हा आकडा विलासच्या डोक्यात रात्रंदिवस वाजत असणार. १४० गुंठ्यांत घर चालतं, ३५ मध्ये चालत नाही. त्याची भीती लोभासारखी दिसते, पण तो लोभ नाही. शिवाय विहीर चार ठिकाणी तोडता येत नाही, तिच्या पाण्याच्या पाळ्या लावाव्या लागतात. कथेत न तुटणारी एक गोष्ट ठेवा. विहीर, वाट, आई, देव्हारा. सगळं वाटून झाल्यावरही तिच्यापायी त्यांना एकमेकांचं तोंड बघावं लागेल.

शहरातली कथा असेल तर सातबाऱ्याच्या जागी सोसायटीचं भागपत्र येईल, चाळीचा पुनर्विकास येईल, वारस आणि नॉमिनी यांतला गोंधळ येईल. नॉमिनी म्हणून नाव लागलेला मुलगा स्वतःला मालक समजतो, कायदा त्याला इतर वारसांच्या वतीनं सांभाळणारा मानतो. परदेशातल्या मुलाच्या कथेत पैसे पाठवणं एका वहीत पडतं आणि डायपर बदलणं दुसऱ्या. रीत तीच.

पायरी ४: हाका बदलत न्या

मराठीत नातं कुठं बिघडलंय हे हाकेवरून कळतं, आणि हे हत्यार आपल्याला फुकट मिळालेलं आहे. प्रत्येक जोडीसाठी तीन हाका लिहून ठेवा: मायेची, रोजची, तुटल्यावरची.

विलास बहिणीला मायेनं 'सुमे' म्हणतो, रोज 'सुमन'. ज्या दिवशी तो चारचौघांत 'सुमनताईंना विचारा' म्हणेल, त्या दिवशी दोघांमध्ये भिंत उभी राहिली. मंगल नणंदेला 'वन्सं' म्हणते. सुमन तिला 'वहिनी' म्हणते, मान देऊन, जरी मंगल वयानं लहान असली तरी. सुमन भावाला 'तुझी बायको' म्हणाली की 'वहिनी' ही हाक मेली. राजूची हाक 'आक्का' आहे, कारण त्याला तिनं कडेवर वाढवलं. ती त्यानं कधीच बदलू नये असं मला वाटतं. इतकं सगळं बदलत असताना एक हाक तशीच राहिली तर ती जास्त टोचते.

अबोला असेल तर तिसऱ्याच्या तोंडून बोलणं चालतं. 'काकाला सांग, मोटर बंद करायचीय.' काका समोरच उभा असतो. तो पोराला म्हणतो, 'सांग, केलीय.' निरोप पोचवणारं ते पोर काय शिकतंय, याचा वेगळा परिच्छेद होऊ शकतो. आजकाल हे काम कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुपही करतो. भांडण पेटलेलं असतं आणि सकाळी फुलांची चित्रं येतच राहतात.

पायरी ५: राग वस्तूंत ठेवा

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. घराची सगळी पडझड त्या एका लोखंडात दिसते. तशी वस्तू आपल्या घरात शोधा. आपल्याकडं राजूची वरची खोली आहे, कांद्यानं भरलेली. विलासनं ती मुद्दाम भरलेली नाही, पावसात पोती ठेवायला दुसरी जागा नव्हती. राजूला मात्र ते आपल्याला घरातून काढल्यासारखं वाटतं.

वस्तू निवडताना एक पाहा: तिचा रोज वापर होत असावा. संदुकीत ठेवलेलं गुपित वर्षातून एकदा दुखतं. नळ, गॅस, विजेचं मीटर, मोटरचा स्टार्टर, देव्हाऱ्यातली घंटा रोज दुखतात. शेतात हेच काम बांध करतो. शेजारचा भाऊ दर नांगरणीला वीतभर बांध कोरत जातो, कुणाला दिसत नाही, आणि दहा वर्षांनी मोजणी आणावी लागते. तुमच्या कथेतलं भांडणही असंच वीत वीत पुढं सरकू द्या.

पायरी ६: संवाद. कळलेलं बोलू नका

पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचं असं होतं:

'ताई, तू जमिनीवरचा तुझा हक्क सोड. मी पंधरा वर्षं घरासाठी राबलो आहे.'
'दादा, मला जमीन नको आहे. मला फक्त सन्मान हवा आहे.'

ही माणसं न्यायालयात जबानी देतायत. जे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे ते घरात कुणी सबंध वाक्यात बोलत नाही. आणि सन्मान हवा असणारा माणूस 'सन्मान' हा शब्द कधी उच्चारत नाही. तोच प्रसंग मी पुन्हा लिहिला. रात्रीची जेवणं, मंगल वाढतेय.

'ह्या वर्षी घेवडा कसा झाला?' सुमननं विचारलं.
'झाला की. तुझं पोतं ठिवलंय बाजूला.'
'पोतं कशाला? घरात आमी दोघंच.'
'दरवर्षी नेतीस.'
'दरवर्षी तात्या देत हुते.'
विलासनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.
'वन्सं, भाकरी वाढू?'
'अर्धी.'
'उद्या कोरेगावला जायाचंय. अकराला वकील येतुय.'
'मला साडेनवाची गाडी हाय.'
मंगलनं अख्खी भाकरी वाढली.

जमीन हा शब्द इथं एकदाही आला नाही. भांडण 'दरवर्षी तात्या देत हुते' या ओळीत झालं: मी हक्कानं नेत होते, तू आता उपकारानं देतोस. मंगलची अख्खी भाकरी आग्रहाची आहे, की 'खाऊन घ्या, उद्या परकं व्हायचंय' अशी आहे, हे मी ठरवलेलं नाही. वाढणाऱ्या हातात दोन्ही असतं.

असा संवाद लिहायची माझी रीत अशी. आधी पात्रांना मनातलं सगळं उघड बोलू द्या, अगदी न्यायालयासारखं, पानभर. मग त्या पानाच्या समासात प्रत्येक वाक्यासमोर एक रोजचा विषय लिहा: घेवडा, गाडीची वेळ, भाकरी, औषधाच्या गोळ्या. मूळ वाक्यं खोडा आणि रोजचे विषय बोलायला लावा. खोडलेलं पान वाया जात नाही, ते खालून धग देत राहतं. एखादं उघडं वाक्य वर येऊ द्यायचं, सबंध कथेत एकच, आणि ते ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याच्या तोंडून.

बोलीबद्दल एक. साताऱ्याकडचं 'हुते', 'न्हाय', 'जायाचंय' मी वापरलं, पण राजूच्या तोंडी ते मधूनमधूनच येईल. वीस वर्षं चिंचवडला राहिलेला माणूस गावी बोलताना घसरतो, आणि राग आला की पुन्हा बोलीवर येतो किंवा उलट अगदी पुस्तकी होतो. तुमचा राजू कुठला, ते ठरवा. ज्या भागाची बोली कानावर नाही तिथली पात्रं प्रमाण भाषेत बोलू द्या, पण उगीच 'हाय' आणि 'व्हय' पेरू नका.

पायरी ७: भांडणाच्या आत माया ठेवा

विलासनं खरंच पोतं बाजूला ठेवलं होतं, चांगला निवडलेला घेवडा होता, आणि ते त्यानं कागद पुढं करायच्या आधी ठेवलं होतं. सुमन साडेनवाची गाडी म्हणाली, पण जाताना तिनं तात्यांची उरलेली औषधं पाहून आईच्या गोळ्या वेगळ्या करून ठेवल्या. प्रत्येक भांडणाच्या पानावर एक तरी अशी हालचाल हवी. तिच्यावर कुणी बोट ठेवायचं नाही, पात्रांनीही नाही आणि तुम्हीही नाही.

सणांचं पंचांग उघडून बसा. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, भाऊबीज, गौरी, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाचं माहेर. अबोला असलेली माणसं या दिवशी एका पंगतीत बसतात. भाऊबीजेला सुमन येईल का, हा प्रश्न 'जमीन कुणाला मिळेल' याहून जास्त ताण धरतो.

पायरी ८: सगळे हिशेब सारखे नसतात

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. दोन्ही बाजू खऱ्या, ही रीत मारहाणीच्या, छळाच्या, लहान मुलावरच्या अत्याचाराच्या कथेला लावू नका. बायकोला मारणाऱ्याचीही वही लिहा, तो कसा घडला हे समजून घ्या, पण तिचं पान आणि त्याचं पान एका तराजूत घालू नका. 'त्याचंही काही चुकलं नसेल' असं वाचकाला वाटायला लावणारी कथा जखमी माणसाला दुसऱ्यांदा एकटं पाडते. अशा कथेत खरेपणा शेजाऱ्यांच्या, सासूच्या, माहेरच्यांच्या वह्यांत सापडतो: ज्यांना ऐकू येत होतं आणि ज्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला. तो हक्क घेऊन ती त्याच स्वयंपाकघरात उभी राहते तेव्हा तिचा एक दिवस कसा जातो, हे लिहिणं कठीण आहे आणि लिहायला हवं आहे.

पायरी ९: स्वतःच्या घरातून घेताना

आपण सगळे आपल्याच घरातून उचलतो. माझ्या आजोळी एका कपाटाची किल्ली दोन मावश्यांमध्ये अडकली होती. ती मी कथेत आणली तेव्हा किल्लीची विहीर केली, मावश्यांचे भाऊ केले, जिल्हा बदलला. नाव बदलणं पुरत नाही. व्यवसाय, भावंडांचा क्रम, वस्तू आणि गाव, यातलं निदान तीन बदला. बदलताना घटना कल्पनेतली होत जाते आणि माया-राग मात्र तसाच राहतो. स्वतःचं पान लिहिताना सगळ्यात कठोर राहा. ज्या पात्रात तुम्ही आहात त्याची वही नेहमी सगळ्यात स्वच्छ उतरते, म्हणून तिच्यात खोटी ठरेल अशी एक नोंद मुद्दाम शोधा.

पायरी १०: शेवट

गळाभेट नको, आणि कोर्टाची तारीखही नको. वहीतली जी नोंद दोघांनी वेगळी लिहिली होती ती सगळ्यांसमोर एकदा वाचली जाते, तिथं मी थांबते.

आपल्या घराचा शेवट मी निबंधक कार्यालयात ठेवला. सुमननं साडेनवाची गाडी चुकवली. बाकावर चौघं बसलेत, आई खिडकीशी. वकील मसुदा भराभर वाचतो, 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, विनामोबदला...'

'ते काय म्हनला?'
'विनामोबदला. म्हणजे काही न घेता सोडलं.'
सुमननं मान हलवली. 'लिवा. न घेता लिवा. आन देऊन बी लिवा.'
'काय देऊन?'
'दोन तोळ्याच्या पाटल्या.'

वकील हसतो, असं काही लिहीत नाहीत म्हणतो. विलास बहिणीकडं पाहत नाही. तो राजूकडं पाहतो, आणि पाहतच राहतो. राजू विचारतो, 'कुठल्या पाटल्या, आक्का?'

कार्यालयात पुढचा टोकन नंबर पुकारला जातो. तिनं अंगठा लावला की नाही, हे मी लिहीत नाही. माझ्या आधीच्या खर्ड्यात यापुढं दीड पान होतं. त्यात विलास सगळं उघड करून रडत होता. ते मी काढलं, कारण ज्याचं एकवीस वर्षांचं मौन आपण इतकं जपलं, त्याला शेवटी भाषण देऊन मोडणं मला पटेना. राजूच्या त्या तीन शब्दांनंतर विलासनं काय करावं, हे ठरवायला वाचकाकडं आता चारही वह्या आहेत.